सर, त्या पत्रावर सही करू नका

प्रिय ताई,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कबड्डी मंडळाचा प्रशिक्षक. बावीस वर्षं पोरं घडवतोय. आमचा एक चढाईपटू, वय 24, तीन वर्षांपूर्वी क्रीडा कोट्यातून एका सरकारी खात्यात लागला. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात, घरातली पहिली पक्की नोकरी त्याचीच. गेल्या महिन्यात रात्रीचे सामने उरकून पोरं गाडीनं परत येत होती. पहाटे पावणेपाचला गाडीनं एका दूधवाल्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, पण माणूस वाचला. गाडी आमचा पोरगाच चालवत होता. एका हातानं मोबाइलवर व्हिडिओ काढत होता असं गाडीतली पोरं सांगतात, आणि काटा 120 च्या वर होता म्हणे. तो घाबरून थांबला नाही. दोन किलोमीटर पुढं पेट्रोल पंपावर गाडी उभी केली. गाडीत आमचा 17 वर्षांचा राखीव खेळाडू होता, त्यानं 108 ला फोन लावला. आमचा पोरगा पोलिसांत हजर झाला तो दुपारी. दारू प्यालेला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता खात्यानं निलंबित केलंय, चौकशी लावलीय. मंडळातल्या वजनदार लोकांनी एक पत्र तयार केलंय. त्यात लिहिलंय की खेळाडू अत्यंत शिस्तीचा आहे आणि गाडी तो नव्हे, गाडीमालकाचा चुलतभाऊ चालवत होता. चुलतभाऊ तसं सांगायला तयार आहे. खाली माझी सही पाहिजे.

ताई, कबड्डीचा आणि गाडी चालवण्याचा संबंध काय? ऋषभ पंतला अपघात झाला तेव्हा अख्ख्या देशानं प्रार्थना केली. परदेशातले खेळाडू दारू पिऊन गाड्या ठोकतात आणि पुढच्या सामन्यात मैदानात असतात. मग आमच्याच पोराच्या पोटावर पाय का? सही करू की नको?

– एक प्रशिक्षक

सर,

सही करू नका. हे आधी सांगून टाकते, कारण हे छापून येईपर्यंत कुणीतरी पेन घेऊन तुमच्या दारात येऊन गेलेलं असेल. अजून सही केली नसेल तर बरं झालं. केली असेल तर उद्या सकाळीच जाऊन ते पत्र परत मागा.

आता सावकाश बोलू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा पोरावर किती जीव आहे ते ओळीओळीत दिसतं, आणि बावीस वर्षं पोरांसाठी मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाला मी हलक्यात घेणार नाही. पण दोन पानी पत्रात तो दूधवाला एका ओळीत येतो आणि ‘पण माणूस वाचला’ म्हणून निघून जातो. त्याचं वय किती, घरी कोण आहे, म्हशी आता कोण बघतं, रतीब कोण घालतं, यातलं काहीच नाही. महिना झाला. मंडळातलं कुणी दवाखान्यात जाऊन आलं का? मांडीचं हाड मोडलेला माणूस सहा-सहा महिने कामाला उभा राहत नाही. दुधाच्या धंद्यात तर चार दिवस खाडा झाला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडून दूध घ्यायला लागतं. पोटावर पाय आलाच असेल, तर तो पहिल्यांदा या घरावर आलाय.

तुमचा पहिला प्रश्न, कबड्डीचा आणि गाडीचा संबंध काय. सर, पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताशी 120 च्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते, म्हणजे एका सेकंदात अडीच मैदानं. व्हिडिओ नीट येतोय का म्हणून त्यानं दोनच सेकंद मोबाइलकडे पाहिलं असेल, तरी तेवढ्यात पाच मैदानं त्यानं डोळे मिटून ओलांडली. समोरच्याचा खांदा इंचभर हलला तरी ओळखणारा चढाईपटू आहे तुमचा. त्याची नजर, त्याची चपळाई याच्यावरच तर त्याला नोकरी मिळाली. त्या पहाटे ती नजर रस्त्यावर नव्हती.

आणि नोकरीचा संबंध तर सरळ आहे. आपल्या राज्यात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या असाव्यात असंच माझं मत आहे. ऐन पंचविशीतली वर्षं मैदानावर घालवणाऱ्या पोराला समाजानं आधार दिलाच पाहिजे. पण ज्या नावामुळे त्याला तो दरवाजा उघडला, तेच नाव आता चौकशीचा दरवाजा बंद करायला वापरायचं, हे मला पटत नाही. एखाद्या कारकुनाची एवढी चर्चा झाली नसती असं तुम्ही म्हणाल, तर ते खरं आहे. पण कारकुनासाठी गावानं असं पत्रही तयार केलं नसतं.

आता पंत. तो 30 डिसेंबर 2022 ला पहाटे दिल्लीहून घरी रुरकीला निघाला होता. गाडीत एकटा होता. गाडी दुभाजकावर आदळली आणि पेटली. झोप लागल्याचं त्या वेळी पोलिसांनी सांगितलं होतं. समोरून येणाऱ्या बसच्या चालक-वाहकानं त्याला बाजूला नेलं म्हणून जीव वाचला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो 2024 च्या मार्चमध्ये पुन्हा खेळायला उतरला. लोकांनी प्रार्थना केली, कारण जखमी तोच होता आणि दुसऱ्या कुणाला इजा झाली नव्हती. तुमच्या प्रकरणात पंतच्या जागी दूधवाला आहे. प्रार्थना त्याच्यासाठी करायची. बसच्या चालकाच्या जागी तो 17 वर्षांचा पोरगा आहे, ज्यानं 108 ला फोन लावला. तुमच्या चढाईपटूची जागा त्या गोष्टीत कुठेच नाही.

परदेशातल्या खेळाडूंचं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. इंग्लंडमधल्या डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबचं प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या मनात जी चीड आहे तिचं मूळ तिथे नीट दिसतं. 24 सप्टेंबर 2019 ची रात्र. संघात एकोपा वाढावा म्हणून सगळे खेळाडू जेवायला जमले होते. क्लबनं घरी सोडायला गाड्यांची सोय केलेली होती, तरी काही जण पीत बसले. नंतर टॉम लॉरेन्स आणि मेसन बेनेट हे दोघे आपापली गाडी घेऊन निघाले आणि त्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. लॉरेन्सच्या गाडीत मागे संघाचा कर्णधार रिचर्ड किओ बसला होता. त्याच्या गुडघ्याचा चुराडा झाला. चालवणारे दोघे तिथून निघून गेले आणि बऱ्याच वेळानं परतले. दोघांनी दारू पिऊन गाडी चालवल्याचं कोर्टात कबूल केलं. दोघांना 180 तास विनावेतन समाजसेवा आणि दोन वर्षं गाडी चालवायला बंदी अशी शिक्षा झाली. क्लबनं त्यांचा सहा आठवड्यांचा पगार कापला. त्यांची नोकरी गेली नाही.

नोकरी गेली ती किओची. गाडी न चालवणाऱ्याची. तो 33 वर्षांचा होता आणि वर्षभराहून अधिक काळ खेळू शकणार नव्हता. क्लबनं आधी कमी पगारावर राहायला सांगितलं. तो नाही म्हणाला, तेव्हा गंभीर गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्याला काढलं. चालवणारे दोघे 25 आणि 23 वर्षांचे होते, पाय शाबूत होते, उद्या विकले तर पैसे येणार होते. पुढे किओनं दाद मागितली, निकाल त्याच्या बाजूनं लागला, क्लबचं अपीलही फेटाळलं गेलं आणि 2021 मध्ये क्लबला सुमारे 23 लाख पौंड भरपाई द्यावी लागली. दरम्यान लॉरेन्स त्याच क्लबचा कर्णधार झाला.

क्लबनं रस्त्यावर काय घडलं ते मोजलंच नाही, गुडघा मोजला. म्हणूनच ‘खेळाडूनं गाडी ठोकली की हाकला त्याला’ अशी सरधोपट मागणी मी करत नाही. हाकलण्याचा अधिकार ज्याच्या हातात असतो, तो बहुतेक वेळा आपल्याला नको झालेल्याला हाकलतो. आणि ‘वाचवा त्याला’ म्हणणारेही तेच माप वापरतात. तुमच्या मंडळातल्या त्या वजनदार मंडळींना एक प्रश्न विचारून बघा. गाडी तुमच्या राखीव फळीतला एखादा नवखा पोरगा चालवत असता, तर हे पत्र लिहिलं असतं का? उत्तर तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

अमेरिकेतही मापाचा असाच घोळ दिसतो. हेन्री रग्ज हा तिथल्या फुटबॉलमधला पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू. 2 नोव्हेंबर 2021 च्या पहाटे लास वेगासमध्ये दारू पिऊन ताशी 156 मैल, म्हणजे 250 किलोमीटरच्या वेगानं गाडी हाकत होता. पुढच्या गाडीतली 23 वर्षांची मुलगी पेटलेल्या गाडीत गेली. त्याच्या संघानं त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. पुढे त्याला 3 ते 10 वर्षांची कैद झाली. त्याच खेळातला राशी राइस 2024 च्या मार्चमध्ये डॅलसमध्ये ताशी 119 मैलांनी शर्यत लावल्यासारखा गेला, अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, लोक जखमी झाले, आणि हा गाडी तिथेच टाकून चालत निघून गेला. त्याचं काम शाबूत राहिलं. 30 दिवसांचा तुरुंगवास आणि 6 सामन्यांची बंदी ठरेपर्यंत 2025 उजाडलं. एकाच्या हातून माणूस मेला आणि दुसऱ्याच्या हातून मेला नाही, हा फरक मोठाच आहे. पण गाडीत बसून वेग वाढवताना दोघांनाही माहीत नव्हतं की पुढे कोण येणार आहे. तुमच्या पोरालाही माहीत नव्हतं. दूधवाला वाचला तो नशिबानं आणि त्या लहान पोराच्या फोनमुळे. त्याचं श्रेय चढाईपटूच्या खात्यात जमा करू नका.

मग नोकरी जावी का? माझं मत सांगते. नुसत्या अपघातावर नोकरी जाऊ नये. धुकं असतं, म्हैस आडवी येते, टायर फुटतो, माणूस चुकतो. पण हातात मोबाइल धरून 120 नं गाडी चालवणं ही चूक नव्हे, ते त्यानं ठरवून केलेलं काम आहे, आणि मोटार वाहन कायद्यात त्याला धोकादायक वाहन चालवणं असंच म्हटलंय. त्यासाठी खात्यानं कडक शिक्षा करावी. वेतनवाढ रोखावी, खालच्या पदावर आणावं, दोन-तीन वर्षं खात्याच्या संघाची जर्सी देऊ नये. आणि पडलेल्या माणसाला सोडून निघून गेला, हे मला वेगापेक्षा जास्त टोचतं. जखमीला मदत मिळवून देणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर कायदा सवलत देतो, पण पहाटे पावणेपाचला त्या रस्त्यावर कुठला आलाय जमाव? तिथे होता फक्त एक माणूस, मोडलेल्या पायाचा. आता याच्यावर तो खोटंही बोलला, दुसऱ्याला चालक म्हणून उभं केलं, तर माझ्या मते त्यानं सरकारी नोकरीत राहू नये. उद्या हाच पोरगा सरकारी कागदावर सही करणार आहे ना?

माझे वडील ट्रकचालक होते, म्हणून हे मी जरा पोटतिडकीनं लिहितेय. मी सातवीत होते. उसाच्या हंगामात एका रात्री त्यांच्या ट्रकची धडक एका सायकलवाल्याला बसली. त्याच्या सायकलला मागे दिवा नव्हता, आणि वडिलांची सलग दुसरी रात्रपाळी होती. सोबतचा क्लिनर म्हणाला, अण्णा, चला, गाव जवळ आहे, लोक मारतील. वडील उतरले. त्या माणसाला दोघांनी मिळून केबिनमध्ये घेतलं, क्लिनरच्या सीटवर आडवं केलं, आणि वडील त्याच ट्रकनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले. सकाळी घरी आले तेव्हा सदऱ्यावर रक्त वाळलेलं होतं. आईला वाटलं यांनाच लागलंय. मालकानं त्यांना आठ महिने स्टिअरिंगवर बसू दिलं नाही. ते पोती उचलत होते, निम्म्या मजुरीवर. त्यांच्यासाठी कुणी सह्या गोळा केल्या नाहीत, आणि त्यांनीही कुणाकडे तोंड वेंगाडलं नाही. तो माणूस पुढे काठी टेकत चालायला लागला. वडील दर आठवडी बाजाराला त्याच्या घरावरून यायचे. तिथे काय बोलायचे ते कधी सांगितलं नाही. नंतर गाडी परत मिळाली तेव्हा रात्री डोळे जड झाले की ते ट्रक कडेला घ्यायचे, कॅनमधल्या पाण्यानं तोंड धुवायचे आणि अर्धा तास झोपायचे. त्यासाठी उशीर झाला म्हणून बोलणी खायचे, पण ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

आता दारूचं. तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता, पण सर, तुम्ही गाडीत नव्हतात. अपघात पहाटे झाला आणि पोरगा दुपारी हजर झाला. कायद्याची मर्यादा 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, आणि आठ-नऊ तासांत रक्तातली बरीच दारू उतरते. तो प्यालेला नसेलही. पण ते सिद्ध करण्याची संधी त्यानं स्वतःच घालवली. इंग्लंडमधलाच फुटबॉलपटू ली ह्यूज 2003 मध्ये अपघातानंतर पळाला आणि तब्बल 36 तासांनी पोलिसांत आला. त्या अपघातात एक माणूस दगावला होता. तो प्याला होता की नव्हता, हे कुठल्याही तपासणीत कळणं शक्यच उरलं नाही. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, क्लबनं काढलं. सुटून आल्यावर तो पुन्हा फुटबॉल खेळला, पण त्याचं नाव निघालं की आजही आधी ते 36 तास आठवतात. तुमच्या पोराचे ते आठ तास असेच मागे लागणार आहेत. त्यात आणखी एक खोटा चालक घालू नका.

आणि खोट्या चालकाचा फटका कुणाला बसतो, याचा विचार मंडळात कुणी केला नसेल. दूधवाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागेल तेव्हा गाडी कोण चालवत होतं हा पहिला प्रश्न असतो. चालकच खोटा निघाला की विमा कंपनीला हात झटकायला वाट मिळते, आणि तो माणूस मोडलेला पाय घेऊन वर्षानुवर्षं तारखा घालतो. चुलतभाऊ आज नात्याखातर तयार आहे. कोर्टात शपथेवर खोटं बोलल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला कुणी समजावून सांगितलंय का? सही करणारा म्हणून तुम्हीही त्या खोट्यात भागीदार होता.

पण तुमच्या माझ्यापेक्षा मला काळजी वाटते त्या 17 वर्षांच्या पोराची. त्या रात्री गाडीत बसलेल्यांपैकी वागावं तसा वागला तो एकटा. आता मोठी माणसं त्याच्यासमोर खोटं पत्र तयार करतायत. पोलिसांनी त्याला विचारलं की तो काय सांगणार? खरं सांगितलं तर मंडळातून बाहेर, आणि खोटं सांगितलं तर ज्या एका गोष्टीची त्याला आयुष्यभर मान ताठ ठेवता आली असती, ती त्याच्याच तोंडून पुसली जाणार. तो तुमच्याकडे बघतोय. चढाईत मध्यरेषेकडे परत फिरावं कधी, हे ज्यानं शिकवलं त्या माणसाकडे बघतोय.

तुमच्या अखत्यारीत काय आहे ते सांगते. नोकरीचा निर्णय खात्याचा, शिक्षेचा कोर्टाचा. निलंबन ही शिक्षा नसते, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, त्यामुळे उद्यापासून घरात चूल पेटणार नाही असं काही नाही. त्याच्या आईवडिलांना हे नीट सांगा, बिचारे घाबरलेले असतील. पुढे कोर्टात दोष सिद्ध झाला तर मात्र खातं वेगळी चौकशी न करताही बडतर्फ करू शकतं. म्हणून त्यांना चांगला वकील बघून द्या. त्यासाठी मंडळानं वर्गणी काढली तर मी वाईट म्हणणार नाही. वकील मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र जेवढी वर्गणी वकिलासाठी काढाल, तेवढीच दूधवाल्याच्या औषधपाण्यासाठी काढा, आणि ती ‘तक्रार मागे घे’ असं न म्हणता द्या. तिथे गेलात तर पाच-सहा जण मिळून जाऊ नका. तो माणूस खाटेवर पडलेला असताना दारात गर्दी दिसली की त्याला ती धमकीच वाटेल. तुम्ही एकटे जा. सहा महिन्यांच्या आत भरपाईचा दावा दाखल झालेला बरा, हे त्याच्या घरच्यांना माहीत नसेल तर सांगा. हो, तुमच्याच पोराच्या विरोधातला दावा. तरी सांगा.

संघ तुमचा आहे. यंदाचा हंगाम त्याला खेळवू नका. हे ऐकून तुम्ही हबकाल, चढाईपटूची उमेदीची वर्षं किती थोडी असतात हे मला समजतं, तिशी आली की पाय बोलायला लागतात. पण तुमच्या खेळात हिरवं कार्ड असतं, पिवळं असतं, लाल असतं, आणि पंच कार्ड काढताना गुणफलक बघत नाही. तुम्ही मात्र आजवर या पोराला हिरवंसुद्धा दाखवलेलं दिसत नाही. तो गाडी कशी चालवतो हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं का तुम्हाला? आधीचे व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आले नव्हते? हे टोचायला विचारत नाही. याचं उत्तर तुम्ही स्वतःशी द्यायचं आहे.

नोकरी किंवा खेळ गेला की पोरगं कायमचं वाया गेलं असंही समजू नका. इंग्लंडमधल्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचा कर्णधार टोनी ॲडम्स 1990 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. क्लबनं त्याला काढलं नाही, पण तो तुरुंगात जाऊन आला, शिक्षा टळली नाही. 1996 मध्ये त्यानं आपण व्यसनी आहोत हे जगासमोर कबूल केलं आणि पुढे व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचार केंद्र काढलं. तिथल्याच प्लिमथ क्लबच्या ल्यूक मॅककॉर्मिक या गोलरक्षकाच्या हातून 2008 मध्ये दहा आणि आठ वर्षांचे दोन सख्खे भाऊ गेले. त्याला सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. 2013 मध्ये तो त्याच प्लिमथच्या संघात परतला. त्यानं परत खेळावं का, यावर तिथे लोकांची मतं फाटली होती आणि माझंही मन त्या दोन लेकरांपाशी अडतं. पण परत येता येतं, एवढं त्यातून दिसतं. दोघेही परतले ते शिक्षा भोगून. मधला रस्ता कुणी चुलतभावाच्या खांद्यावरून काढून दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्या एकट्याची नाही. आपल्याकडचे रात्रीचे सामने मध्यरात्र उलटली तरी चालतात. दिवसभरात चार-पाच सामने खेळलेली, अंग ठेचलेली पोरं तशीच गाडीत बसतात आणि ऐंशी-शंभर किलोमीटर परत येतात, कारण सकाळी कामावर जायचं असतं आणि आयोजक जेवण देतात, झोपायला जागा देत नाहीत. चांगल्या खेळाडूला बक्षीस म्हणून मोटारसायकल देतात, ती तिथूनच रात्री चालवत न्यायला लावतात. मंडळाचा नियम करा, आणि हे प्रकरण निवळायच्या आत करा: सामन्याहून परतताना खेळलेला एकही पोरगा स्टिअरिंगवर बसणार नाही. चालक भाड्यानं घ्या किंवा गावातल्या शाळेची एक खोली मागून सकाळपर्यंत झोपा. आयोजक नाही म्हणाले तर तिथे संघ नेऊ नका. हा नियम चढाईपटूला आणि पाणी देणाऱ्या पोराला सारखाच. लिहून, भिंतीवर लावून.

खात्याला पत्र लिहायचंच असेल तर तुमचं स्वतःचं लिहा. मी याला बारा वर्षांचा असल्यापासून ओळखतो, मैदानावर तो कष्टाळू आहे, घरची परिस्थिती अशी आहे, त्या रात्री गाडी तोच चालवत होता असं गाडीतल्या मुलांनी मला सांगितलं, तो थांबला नाही याचं मला दुःख आहे, आणि चौकशीला मी सहकार्य करीन. एवढंच. अशा पत्रानं शिक्षा कमी होईलच असं मी सांगू शकत नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तुम्हाला कुठेही, कुणाहीसमोर पुन्हा म्हणता येईल. आणि ते पाठवण्याआधी पोराला वाचून दाखवा. तो चिडेल, रडेल, उठून जाईल कदाचित. जाऊ द्या. त्याला सांगा की कबुली द्यायची की नाही ते वकिलाशी बोलून ठरव, पण माझ्याकडून खोटं मिळणार नाही.

दूधवाल्याकडे जायला उद्याची वाट बघू नका. आणि येताना त्या 17 वर्षांच्या पोराच्या घरावरून या. त्याच्या वडिलांना भेटा, आणि त्यांच्यासमोर त्या पोराला सांगा की त्या रात्री तू फोन लावलास ते बरोबर केलंस.

तुमची,
ताई